गडावर नवं न्यायचं ठरलं

त्या दिशी खोलीत कोण कोण व्हतं ते आदी सांगते. मी व्हते. माझी लेक व्हती. लेकीची सासू व्हती, ती उत्तरेतल्या त्यांच्या गावावरून डोळ्याच्या ऑपरेशनला आलेली. माझा धाकटा भाऊ व्हता, वाडीवरून आदल्या दिशी आलेला. आन् जावई, तो शिफ्ट सुटल्यावर मागून आला. बाहेरचं कुणी न्हवतं. म्हंजे जे झालं ते दुसऱ्या कुणी केलं असं म्हणायला जागा न्हाय.

खोली कामतघर वस्तीतली, माडीवरची. भिंतीपलीकडं कापडाचे लूम चालतात म्हणून आमच्याकडं सगळी मोठ्यानं बोलतात. नवीन माणसाला वाटतं भांडण चाललंय. नवरा गेला तेव्हा लेक अंगावर पीत व्हती. वाडीत भाताचं खाचर एवढंसं, ते भावाला कसायला दिलं आन् मी हितं कांड्या भरायला आले. कांडी म्हंजे लूमच्या धोट्यात बसते ती सुताची नळी. त्या भरण्यात माझे अर्धे कान गेले. रडत बसले न्हाय, रडायला बसलं तर मशीन थांबत न्हाय.

आता मालकानं चाळ पाडायची काढलीय. दिवाळी झाली की खोल्या खाली करा, असं प्रत्येक दारात उभं ऱ्हाऊन सांगून गेला. जावयाचा कारखाना आठवड्यातनं निम्मे दिवस बंदच. एक दिवस लेक भाकरी थापता थापता म्हणली, "आये, आपण वाडीला जाऊ ऱ्हायला. घर हाय ना आपलं."

घर हाय. चावी बी माझ्याकडं हाय. पण जाऊ म्हणून जाता येत न्हाय. लेकीनं लगीन आपल्या मनानं केलं, लूमवरच्या भय्याशी. तेव्हापासून वाडीनं तिला सोडली. कुणी मारलं न्हाय, शिव्या दिल्या न्हाय. फकस्त तिच्या हातचं पाणी प्यायचं न्हाय, लग्नाला बोलवायचं न्हाय, दारात आली तर आत ये म्हणायचं न्हाय. तिनं त्या घरात चूल मांडली असती, तर शेजारचं माणूस विस्तव द्यायला आलं नसतं. असं कोण ऱ्हाईल आन् किती दिवस ऱ्हाईल.

ह्याला वाट एकच व्हती, ती गडावरून जात व्हती.

आमच्या वाडीच्या डोक्यावर गड हाय. कुणी म्हणतं राजाचा, कुणी म्हणतं फिरंग्यांचा. आता राजा बी न्हाय आन् फिरंगी बी न्हाय. एक दरवाजा हाय, त्याच्यावरची कमान पडलेली. ढासळलेल्या भिंती, कातळात कोरलेली पाण्याची टाकी, गवत. आन् भिंतींच्या मधी आमचा देव, शेंदराचा उभा दगड, तोंड उगवतीला. भात झोडून झाला की वाडी एक दिवस ठरवती. त्या दिशी उन्हं देवावर पडायच्या आत घराघरातनं नव्या तांदळाची एक एक मूठ वर न्यायची. सगळ्या मुठी एकाच टोपात पडतात. टाक्याच्या पाण्यात भात शिजतो, देवाला दाखवतात, मंग अख्खी वाडी तोच भात खाते. तोवर कुणाच्या घरात नवा दाणा शिजवायचा न्हाय, तोंडात घालायचा न्हाय. ज्याची मूठ टोपात पडली तो वाडीचा. ज्याची न्हाय पडली तो पाहुणा.

भाऊ पावसाळाभर ह्याच्या त्याच्या ओट्यावर बसून लेकीसाठी बोलत ऱ्हायला. शेवटी मुठी घेणारा म्हातारा म्हणला, "आणूदे तिला. नवं एक रात तिच्या घरात राहूदे, तिनं नेम पाळूदे, आन् स्वतःच्या हातानं उजाडायच्या आत वर आणूदे. मंग बघू." भावानं सगळ्यांसमोर जबान दिली की माझी भाची नेम पाळंल.

म्हणून भाऊ आमच्याच खाचरातले तांदूळ फडक्यात बांधून घेऊन आला. गाठोडं खुंटीला टांगलं. रातच्याला जेवणं झाल्यावर बेत ठरवायला बसलो. दुपारच्या यष्टीनं वज्रेश्वरी. तिथून रिक्षा मिळाली तर रिक्षा, न्हायतर पाय. सांजच्याला वाडी. भावाकडं जेवायचं, पडायचं, आन् पहाटे अंधारातच चढायला लागायचं.

भाऊ माझ्या पायाकडं बघून म्हणला, "बाय, तुझे गुडघे?"

"गुडघे माझे हायत. तुला काय त्याचं."

जावई हसला. "मामाजी, मी उचलून नेतो सासूला. रोज सूत का बीम उठाता हूँ."

"बीम बोलत न्हाय, जावईबापू. ही वाटभर बोलंल." मंग भाऊ जरा गंभीर झाला. "आन् तुमी दरवाज्यापर्यंतच यायचं. आत न्हाय. टोप उतरल्याबिगर न्हाय."

"दरवाजा तो टूटा है ना?"

"तुटला तरी दरवाजाच हाय तो."

लेकीची सासू कोपऱ्यात बसली व्हती, एका डोळ्याला हिरवी पट्टी. तिला मराठी कळत न्हाय. तिनं विचारलं, सगळी कुठं निघालात. लेक म्हणली, "अम्मा, पहाड़ पे. भगवान के पास."

"अच्छा, शुभ काम है," विहीण म्हणली.

तेवढंच तिला कळलं. तांदळाचं तिला कुणी सांगितलं न्हाय. आमच्यात ते सांगायची गोष्टच न्हाय. नवं दाखवल्याबिगर खायचं न्हाय, हे रांगतं पोर बी बघून शिकतं. आमाला वाटलं हे सगळ्या दुनियेला ठाऊक असतं.

दुसऱ्या दिशी भाऊ यष्टीचं विचारायला स्टँडावर गेला. जावई ड्युटीवर. लेक गोदामात पॅकिंगला जाते, तिनं अर्धी रजा घेतली व्हती. मी खाली नळावर, कारण पाणी येतं तेव्हाच भरावं लागतं. कळशी घेऊन जिना चढताना वास आला. नव्या तांदळाला वास असतो, जुन्याला न्हाय. दूध घातलं, वेलची घातली तरी तो लपत न्हाय. मला वाटलं शेजारी कुणाकडं असंल.

खोलीत लेक भिंतीला टेकून बसली व्हती. अंगावर गोदामातली धूळ तशीच. मांडीवर खिरीची वाटी, हातात चमचा, आन् चमचा मधीच थांबलेला. तिनं माझ्याकडं बघितलं. मंग खुंटीकडं बघितलं. गाठोडं सैल पडलं व्हतं.

"अम्मा," तिनं सासूला हळू विचारलं, "ये चावल कौन सा?"

विहीण खूश व्हती. "तेरे मामा लाए हैं ना. क्या खुशबू है. शुभ काम को निकलते हैं तो मुँह मीठा करके निकलते हैं. खा, सुबह से भूखी है."

लेक उठली न्हाय, थुंकली न्हाय. वाटी अर्धी झाली व्हती. तिनं ती खाली ठेवली. मी कळशी ठेवली. भिंतीपलीकडं लूम चालू व्हते. विहीण एकदा हिच्याकडं, एकदा माझ्याकडं बघायला लागली, ज्या डोळ्यानं दिसत व्हतं त्यानं. "नमक तो नहीं पड़ गया?" तिनं विचारलं.

मी गाठोडं काढून बघितलं. मूठभराहून जास्तच उरलं व्हतं. म्हंजे न्यायला तांदूळ व्हता. पण तांदळाचा प्रश्न न्हवता.

भाऊ घाम पुसत आला. "यष्टी हाय. लवकर आटपा, पुढची भरून येते." त्याला बी वास आला. तो दारातच थांबला.

"मामा," लेक म्हणली, "मी नवं खाल्लं."

भावानं टोपी काढली, उंबऱ्यावर बसला. बराच वेळ टोपीच्या आत बघत ऱ्हायला, जसं तिच्यात काय लिहिलंय. मंग म्हणला, "किती?"

"अर्धी वाटी."

"अर्धी वाटी आन् परात सारखीच." मंग आवाज खाली केला, आमच्या खोलीत कुणी आवाज खाली करत न्हाय. "हे बघ. घशाखाली गेलं ते गेलं. वाडीला कुठं दिसतंय. मूठ हाय ना शिल्लक? ती न्यायची, टाकायची, खाली उतरायचं. मी कुणाला बोलत न्हाय. बाय, तू बोलू नको."

मी म्हणले, "मी कशाला बोलू. खाल्लं तिनं हाय. तिला विचार."

लेकीनं वाटी उचलून मोरीत नेऊन ठेवली.

जावई आला तेव्हा त्याला दारातच सगळं समजलं. कानाला सुताचा कापूस लागलेला, तसाच उभा. सरळ माणूस हाय तो, त्याला प्रत्येक गोष्टीवर इलाज पाहिजे. "मामाजी, मैं बोल देता हूँ ना. बोलूँगा मैंने खाया."

"तुमी खाल्लं काय आन् न्हाय खाल्लं काय, तुमाला कोण विचारतंय. तुमची मूठच न्हाय."

"तो फिर किसकी गलती?"

तेव्हा विहिणीला कळलं. लेकीनं तिला हिंदीत सांगितलं, थोडक्यात, जखमेवरची पट्टी काढावी तसं एकदम. म्हातारी हादरली. तिच्या बी गावात नवीन धान्य आदी देवाला दाखवतात म्हणली, पण तिला कसं कळावं हे नवीन हाय, बाजारातले तर सगळेच तांदूळ नवीन दिसतात. मंग उठली, पदर नीट केला आन् चपला शोधायला लागली. "मैं चलती हूँ. मैं बोलूँगी भगवान से. गलती मेरी है."

भाऊ म्हणला, "इहीनबाय, बसा. आमच्या देवाला हिंदी कळत न्हाय."

लेक हसली. वाईट वेळी हसू आलं तिला, पण आलं. मंग उठली, तोंड धुतलं, गाठोडं परत घट्ट बांधलं आन् म्हणली, "चला. यष्टी जाईल."

"काय ठरवलंस ते सांग आदी," भाऊ म्हणला. "मी जबान दिलीय. तू वर जाऊन भलतंच बोललीस तर मी खोटा. न बोललीस आन् नंतर कळलं, तरी मी खोटा. मला ठाऊक पाहिजे."

"मला बी ठाऊक न्हाय, मामा."

विहीण डोळ्यापायी खोलीवरच ऱ्हायली. यष्टीत जागा मिळाली. गाठोडं तिच्या मांडीवर. वाटभर ती खिडकीतनं बाहेर बघत व्हती, आन् भाऊ पुढच्या सीटवरनं मागं वळून वळून तिच्याकडं. गोदामं संपली, शेतं लागली. कापलेल्या भाताचे खुंट दिसत व्हते. मी मनात धरलं व्हतं की तिला काय सांगायचं न्हाय. आई म्हणून सांगितलं असतं तर तिनं ऐकलं असतं, आन् मंग जे व्हईल ते माझ्या नावावर तिला ढकलता आलं असतं. ते तिच्या कामाचं न्हवतं. खोली जाणार व्हती ती तिची. वाडीत ऱ्हायचं व्हतं ते तिला. मी आज हाय, उद्या न्हाय.

वाडीत पोचलो. भावाच्या ओट्यावर बसलो तर मुठी घेणारा म्हातारा काठी टेकत आला. लेकीकडं बघितलं न्हाय. भावाला विचारलं, "पाळला ना नेम?"

भाऊ लगेच म्हणला, "पाळला."

म्हातारा गेला. लेकीनं भावाकडं बघितलं, भाऊ गोठ्याकडं गेला. जेवण लेकीला येगळं वाढलं, अजून मूठ पडली न्हवती ना. माझ्या भावजयीनं ताट लांबून सरकवलं, पण त्यात मासळीचा मोठा तुकडा व्हता. जावयाला ओटीवर वाढलं. तो म्हणला, "मामीजी, मिरची जादा आहे." भावजय आतनं म्हणली, "चढायला लागंल ती." तेवढंच बोलणं झालं त्या रात्री.

पहाटे चढलो. माझ्या गुडघ्यांचं मी सांगत न्हाय, पोचले एवढं खरं. जावयानं दोनदा पाठ पुढं केली, मी दोनदा न्हाय म्हणले. दरवाज्याशी तो थांबला. कमान पडलेली, दोन बाजूला दोन उंच भिंती आन् वर नुसतं आभाळ. बाकीची सगळी आत गेली. हल्ली शहरातली पोरं तंबू घेऊन तिथं उन्हं बघायला येतात, त्यातली दोन-चार लांब बुरजावर बसली व्हती. त्यांना काय ठाऊक हितं काय चाललंय.

चुलीवर टोप चढवलेला. पूर्वेकडं डोंगराची कड पांढरी व्हायला लागली व्हती. म्हातारा देवाजवळ बसला आन् एकेका घराला हाक मारायला लागला. बाया पुढं जायच्या, मूठ देवासमोर धरायच्या, टोपात सोडायच्या. मी माझ्या लेकीच्या हाताकडं बघत व्हते. तिनं गाठोडं सोडलं, मूठ भरली. मूठ एवढी आवळली व्हती की बोटं पांढरी झाली. आमच्या घरांचा नंबर शेवटी. कड लाल झाली. म्हाताऱ्यानं मागं वळून उन्हाकडं बघितलं आन् म्हणला, "चल पोरी, लवकर."

ती पुढं गेली. देवासमोर मूठ धरली. टोपावर आणली. उघडली न्हाय.

"उघड," म्हातारा म्हणला.

"बाबा, मी नवं खाल्लंय. काल. न कळता खाल्लं, पण खाल्लं."

चुलीत लाकूड तडकलं ते ऐकू आलं मला बी, माझ्या असल्या कानांना. म्हाताऱ्यानं काठी उचलून भावाकडं केली. "हा तर पाळला म्हणला."

"मामाला ठाऊक न्हवतं," लेक म्हणली.

तेव्हा माझा भाऊ, जो अख्ख्या वाटेनं तिला गप ऱ्हा म्हणून डोळ्यानं सांगत आला व्हता, तो पुढं झाला आन् म्हणला, "ठाऊक व्हतं. मीच लपव म्हणलो."

म्हातारा दोघांकडं बघत ऱ्हायला. रागावला न्हाय. रागावला असता तर बरं वाटलं असतं. म्हणला, "मंग दोघांच्या घरच्या मुठी ऱ्हाऊद्या. ह्या वर्षी न्हाय. पुढच्या वर्षी नेम पाळा आन् या, तेव्हा दोघांना पहिली हाक मारीन." आन् टोपावर झाकण ठेवलं. उन्हं देवाच्या कपाळावर आली.

माझी मूठ भावाच्या घरात धरतात. म्हणून मी बी उठले. भावाची बायको उठली, तोंड आवळून, नवऱ्याकडं न बघता. लेकीनं तांदूळ परत फडक्यात सोडला. आमी सगळी दरवाज्याच्या बाहेर, जावई उभा व्हता तिथं जाऊन बसलो. भात शिजल्याचा वास येत व्हता. जावयानं पिशवीतनं पाव काढला, त्याच्या आईनं बांधून दिलेला, आन् सगळ्यांना वाटला. भावानं घेतला. भावजयीनं आदी घेतला न्हाय, मंग घेतला.

"काय म्हणली आई तुमची?" भावानं जावयाला विचारलं.

"बोली, इसमें चावल नहीं है, बेफिकर खाओ."

भावजय तोंडाला पदर लावून हसली. मंग लेकीला म्हणली, "पाणी हाय का तुझ्याकडं?" लेकीनं बाटली पुढं केली. भावजयीनं दरवाज्याकडं एकदा बघितलं. आतली सगळी भातात गुंतली व्हती. ती बाटली तोंडाला न लावता वरून प्याली, आन् झाकण लावून परत दिली.

उतरताना भाऊ पुढं, लेक त्याच्या मागं. कुणी कुणाला दोष दिला न्हाय. मला लेकीचं बरं वाटलं की वाईट, हे मला अजून सांगता येत न्हाय. तिनं जे केलं ते मी तिच्या वयाला केलं असतं का, ठाऊक न्हाय. पण वाडीत ऱ्हायचं पुढच्या नव्यापर्यंत लांबलं, आन् चाळ तेवढी थांबणार न्हाय. टोकाच्या दोन खोल्यांचे पत्रे उतरवून नेले बी. विहीण अजून हितंच हाय, दुसऱ्या डोळ्याचं व्हायचंय. ती सकाळी चूल पेटवायच्या आदी प्रत्येक डब्याचं झाकण उघडून लेकीला विचारते, ये नया कि पुराना. लेक म्हणते, अम्मा, पुराना, पकाओ.

तर आता माझं सांगायचं एवढंच. कामतघरात न्हायतर जवळपास कुणाची एक खोली रिकामी असंल, तर आमाला सांगा. लूमच्या बाजूची असली तरी चालंल, आमाला सवय हाय. पाणी एक वेळ आलं तरी चालंल. माणसं चार, मी, लेक, जावई आन् विहीण. वर्षभरासाठी पाहिजे. पुढच्या वर्षी भात झोडून झाला की आमी सोडू.